हनुवटीपासून कानापर्यंत

बायांनो, सकाळपासून डोकं पेटलं आहे, म्हणून सांगते.

माझी गालफडं लोंबायला लागली तेव्हा जाऊबाईने उपाय सांगितला. मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं, तेल हनुवटीपासून कानाकडे चोळायचं, हात खाली आणायचाच नाही. लढाईमुळे रॉकेल मिळत नाही, म्हणून दिव्यातही हेच तेल. तरी दिव्यातलं वाचवून मी रोज चोळत होते.

आज नवरा आरसा घेऊन बसला. म्हणाला, "ते तेल आन. माह्या गालाले चोळून दे."

"आज काऊन?"

"केशोरीले पोरगी पाहाले जाऊन राहिलो. तुह्या तोंडाकडं आता पाहावत नाही."

पोरगी आमच्या लेकीच्या वयाची. याचा जबडा माझ्यापेक्षा खाली आला आहे, पण पुरुषाचा जबडा कोण पाहतो?

जाऊबाई दारातून हळूच म्हणाली, "दे चोळून बाई. नाही म्हनशील तं जाशील कुठं?"

मी चोळलं. हनुवटीपासून कानापर्यंत, अगदी नीट. तो खासराला बैल जुंपून केशोरीला गेला.

आता संध्याकाळ झाली, आणि दिव्यात घालायला तेल उरलेलं नाही.

खरं सांगा बायांनो, माझ्या जागी तुम्ही असता, तर तुमचा हात एकदा तरी खाली गळ्याकडे वळला नसता?