मेडशीचा नवा निवारा आणि पुढे थांबणारी बस

मित्रहो, आज पत्नीच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी वाशिमला वेळेत पोहोचायचे होते. रस्ता रुंद झाल्यावर आमच्या मेडशी गावात नवा प्रवासी निवारा बांधला आहे. आम्ही नियमाप्रमाणे तेथेच बसलो.

बस आमच्यासमोरून निघून गेली आणि पुढे, चहाच्या टपरीपाशी, जुन्या थांब्याच्याच जागी थांबली. दृष्टी अंधूक झालेल्या पत्नीचा हात धरून मी किती धावणार? बस सुटली.

टपरीवाले रहीमभाई म्हणाले, "काकाजी, शेडात कायले बसले? तिथं तं बकऱ्याच बसतात!"

शस्त्रक्रिया पुढे ढकलली गेली. पत्नी एवढेच म्हणाली, "आता टपरीपाशीच उभं राहू."

निवारा बांधण्यापूर्वी प्रवाशांना आणि चालकांना एकदा विचारले असते, तर काय बिघडले असते?