येडा म्हणजे डावा

मालक रस्त्याच्या मधोमध थांबले आणि हलेनात. वडगावला बसमधून उतरून आम्ही पलीकडे निघालो होतो. त्यांचे पाय जमिनीला चिकटले. कंपवातात असं होतं, माणूस चालता चालता खांबासारखा उभा राहतो. ओढलं तर पडतो. सुताची बाचकी भरलेला टेम्पो येत होता. मी मागे उभी राहून ओरडत होते, "येडा! बला! येडा!"

त्यांनी डावा पाय उचलला, मग उजवा. ते पलीकडे पोचले. टेम्पोची धडक मला बसली.

पडल्यावर काही दुखलं नाही. एक पाय भलतीकडे वळलेला दिसला, तो माझाच होता. माणसं जमली. पाणी घेऊन आलेली एक बाई म्हणाली, "भर रस्त्यात नवऱ्याला येडा म्हणतीस व्हय गं आज्जी?"

लग्नाला पन्नास वर्षं झाली, मी मालकांचं नाव कधी घेतलेलं नाही. येडा ही शिवी नव्हती. कन्नडमध्ये एड म्हणजे डावा आणि बल म्हणजे उजवा, बोलताना त्याचं येडा आणि बला होतं. हे आम्हाला म्हातारपणी कळलं. आम्ही सीमाभागातल्या बेळगुंदीची मराठी माणसं. बाजारात रताळी विकण्यापुरतं कन्नड येतं. तिथं डावं-उजवं लागत नाही.

मालकांना कंपवात झाला तो तीन वर्षांपूर्वी. आधी हात कापायला लागला, मग चाल गेली. आठवड्याला एकदा तरी पडायचे. मुलगा नाही, मुलगी वडगावला दिलेली. उचलणारी मी एकटी. डॉक्टर म्हणाले, गोळ्यांबरोबर व्यायाम पाहिजे. नाहीतर थोड्याच दिवसांत खाटेवरून उठायचे नाहीत. घरी सांगितलेला व्यायाम ते दोन दिवस करायचे आणि सोडायचे.

मुलीच्या घराजवळ मागाची एक शेड रिकामी पडली होती. तिथं पोलिसातून निवृत्त झालेली एक कानडी बाई बॉक्सिंग शिकवायची. एकमेकांना मारायचं नाही, टांगलेल्या पोत्याला मारायचं. मुलगी कंबरदुखीसाठी जात होती. म्हणाली, "आप्पांना घेऊन ये."

मी म्हणाले, "तुझ्या बापाच्या हातातला घास तोंडापर्यंत जात न्हाय. त्यो कुणाला मारतोय?"

"पोत्याला, आई. पोतं उलटं मारत न्हाय."

पहिल्या दिवशी बाई ओरडल्या, "बला!" मालकांना वाटलं, जोर लाव म्हणतात. त्यांनी सगळा जोर लावून डावा हात फिरवला आणि कोलमडले. मी धरायला गेले, तर दोघंही खाली. बाई मोडक्या मराठीत म्हणाल्या, "अज्जा, बला म्हणजे जोर न्हाय. बला म्हणजे ह्ये हात." मग "येडा" म्हणाल्या. मालक उठून भिंतीकडे तोंड करून बसले.

"ही बाई मला येडा म्हणती. म्या उद्यापासनं यायचो न्हाय."

शाळेतल्या एक मास्तरीणबाई साखर वाढली म्हणून यायच्या. त्या म्हणाल्या, "आप्पा, आम्हाला तर रोज म्हणतात. हितं सगळी येडीच हाईत."

मी हातमोजे घातले तरच ते उभे राहायचे, म्हणून मीही घातले. पाय रुंद ठेवायचे, एक पुढे, एक मागे. गुडघा थोडा वाकवायचा. अंग कमरेतून वळवायचं, म्हणजे हात आपोआप जातो. कुठला हात, कुठला पाय, ते बाई ओरडून सांगायच्या. आठवड्यातून तीन दिवस आम्ही बसने जायचो. बघायला आलेली पोरं हसायची. हसू देत.

हात कापायचे थांबले नाहीत. ते थांबत नाहीत असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. पण चार महिन्यांत ते खुर्चीतून आपले आपण उठायला लागले. पाऊल लांब पडायला लागलं. अपघाताआधीचे दोन महिने पडलेच नाहीत. उंबऱ्यात पाय अडकले की मी मागून "येडा" म्हणायचे आणि ते चालायला लागायचे. मास्तरीणबाईंची साखर उतरली. मुलगी कंबरेला पट्टा न बांधता कामाला बसायला लागली. पूर्वी पाण्याची घागर आणताना मी दोनदा टेकायचे, ते बंद झालं. मालकांना जमिनीवरून एकटीने उचलता येण्याएवढा जोर माझ्या अंगात आला. पण पाय अडकले आणि सांगणारं माणूस पाठीशी नसलं की ते हलत नसत. मी नसले तर यांचं काय होईल, ही एकच काळजी मला होती.

आता मी रस्त्यावर पडले होते. मी सांगत होते, "त्यांना धरा." सगळे मलाच धरत होते. पलीकडे बघितलं तर मालक नव्हते. तिथून शेडपर्यंत एक बोळ, दोन वळणं आणि एक उघडं गटार. मला वाटलं, गटारात गेले. तसं वाटूनही रडू आलं नाही.

थोड्या वेळाने मुलगी आणि बाई पळत आल्या. बाईंच्या हाताला मोज्यांखालच्या पट्ट्या तशाच बांधलेल्या. मालक शेडच्या दारात जाऊन "ती पडली" एवढंच म्हणाले होते. बोळातला चहावाला नंतर मुलीला म्हणाला, "आक्का, तुमचा म्हातारा सोताला येडा येडा म्हणत चाललाता. मला वाटलं, डोस्क्यावर परिणाम झाला."

माझ्या पायात सळई घातली. दोन महिने खाटेवर होते. मुलगी मालकांना शेडला घेऊन जायची, आणि पुढे पुढे ते एकटेच जायला लागले. आता मी काठी घेऊन चालते. मालकांचा हात आधीपेक्षा जास्त कापतो. त्या दिवशी रस्त्यावर आम्ही दोघं होतो. दोघंही जगलो.