रुमालाखाली सहा पोती

पोस्टिंगचा हुकूम आला तेव्हा मी मिलिटरी नर्सिंगमध्ये लेफ्टनंट होते. वय पंचवीस. खांद्यावर दोन स्टार आणि डोक्यात दोनशे. नातवंडांना वाटतं, आजी फौजेत फार शूर असणार. त्यांच्या आईबापांनी तसा समज करून दिलाय. म्हणून खरं काय ते लिहून ठेवते.

ते बेट एका गोऱ्या देशाची वसाहत होतं. वर्षभरात स्वतंत्र व्हायचं ठरलं होतं. तोवर कारभार गोऱ्या गव्हर्नरचा आणि पहारा संयुक्त राष्ट्रांनी पाठवलेल्या आमच्या निळ्या हेल्मेटवाल्या बटालियनचा. डोंगरात एक हत्यारबंद टोळी होती, खाली गव्हर्नरचा खजिना रिकामा होता. शिक्षक, पोलीस, गोदीवाले, कुणालाच तीन महिने पगार नव्हता. गव्हर्नर मात्र रोज सकाळी आठला झेंडा चढवायचे आणि बिगूल वाजवून घ्यायचे. मला ते फार रुबाबदार वाटायचं. मी तंबूच्या दारात उभी राहून सॅल्यूट ठोकायचे. तो झेंडा आमचा नव्हे, हे मला आठवड्यानं कुणीतरी सांगितलं.

सांगणारा होता हवालदार मारोती. भोकरकडचा शेतकऱ्याचा मुलगा, आमच्या फील्ड हॉस्पिटलचा ड्रायव्हर. हेल्मेटच्या आत डोक्याला गावाकडचा लाल रुमाल बांधायचा. कमांडिंग ऑफिसरनी, म्हणजे सीओंनी, दोनदा टोकलं, तिसऱ्यांदा नाद सोडला.

एके दिवशी ०९०० ला आमचं सामान घेऊन जहाज आलं. बंदर उथळ, त्यामुळे जहाज लांब उभं राहायचं आणि गोदीवाले पडावांतून, म्हणजे छोट्या होड्यांतून, माल काठाला आणायचे. त्या सकाळी गोदीवाले जेट्टीवर मांडी घालून बसले. पगार नाही तर काम नाही.

हॉस्पिटलात शिपाई दत्ता होता. बावीस वर्षांचा. आदल्या दिवशी गस्तीवर छातीत गोळी लागलेली. १०३० ला सर्जन म्हणाले, "हा शेवटचा ऑक्सिजन सिलिंडर. तीनपर्यंत पुरेल." नवे वीस सिलिंडर त्याच जहाजात होते.

सीओंचा हुकूम स्पष्ट होता. "गोदीवाल्यांना हात लावायचा नाही. हत्यार तर नाहीच. बोलणी गव्हर्नर करतील." गव्हर्नरांच्या ऑफिसातून निरोप आला, मंगळवारी बैठक घेऊ. तो शुक्रवार होता.

मी म्हटलं, "सर, मी जाते."

"काय देणार त्यांना?"

"आपला तांदूळ, सर."

आम्हीच अर्ध्या रेशनवर होतो. सीओंनी रेशन सांभाळणाऱ्या क्वार्टरमास्टर सुभेदारांकडे पाहिलं. सुभेदार छताकडे बघत होते. "सहाच्या वर एक पोतं नाही," सीओ म्हणाले.

११२० ला मी आणि मारोती जेट्टीवर पोचलो. मी भोंगा घेतला, जीपच्या बॉनेटवर चढले आणि इंग्रजीत भाषण केलं. माणुसकी, कर्तव्य, जखमी जवान, काही सोडलं नाही. शेवटी ओरडले, "चार पोती तांदूळ! पडाव सोडा, चार पोती घ्या!"

 मग नारळाचं एक सोडण आलं आणि माझ्या टोपीवर बसलं. मग दुसरं. मी बॉनेटवरून उतरले असं मी नंतर रिपोर्टात लिहिलं. पडले, हे खरं.

गोदीवाल्यांची पुढारी एक म्हातारी होती. मासे साफ करून हात खरखरीत झालेले, तोंडात विझलेली विडी. सगळे तिला मामा म्हणायचे. तिकडं मामा म्हणजे आई. ती मोडक्या इंग्रजीत म्हणाली, "तीन महिने उपाशी बसलो ते चार पोत्यांना विकले जायला? सगळ्यांसमोर?"

मारोतीनं मला धरून उठवलं. "मॅडम, तुमी काय करून राहिल्या? तुमी लातूरच्या आडतदाराच्या लेक ना?"

"हो. मग?"

"मग भाव असा वरडून सांगतेत का कुठं?"

माझे कान गरम झाले. आमची तुरीची आडत. वडील, म्हणजे अप्पा, घेणाऱ्याचा हात हातात घ्यायचे, वर रुमाल टाकायचे आणि आत बोटं दाबून भाव ठरायचा. एक बोट धरलं की एक, पंजा धरला की पाच. शंभर माणसं भोवती उभी, पण कोण किती वाकलं ते कुणाला कळायचं नाही. म्हणून दोघंही ताठ मानेनं घरी जायचे. हे मी परकरात असल्यापासून पाहिलं होतं आणि दोन स्टार लागल्यावर विसरले होते.

"रुमाल दे," मी म्हटलं.

"घामट हाय."

"दे."

मी मामाजवळ जमिनीवर बसले. आधी जीपमधल्या तांदळाच्या पोत्याकडं बोट केलं, मग जहाजावरच्या लाल क्रॉसच्या पेट्यांकडं. तेवढंच, बाकी माल नाही. संप तुमचा तुम्हाला. मग तिचा हात घेतला, वर रुमाल टाकला आणि चार बोटं दाबली.

म्हातारी माझ्याकडं बघत राहिली. मग तिच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. तिनं माझा अख्खा पंजा धरला, वर तीन बोटं. आठ! चेहऱ्यावर रेघ हलली नाही. अप्पांनी तिला आडतीवर बसवून घेतलं असतं.

मी पंजा धरला. तिनं पंजा आणि दोन. मी हात सोडवून उठल्यासारखं केलं. तिनं ओढून खाली बसवलं. पंजा आणि एक. मी हात दाबला.

मामा उभी राहिली आणि आपल्या माणसांना काहीतरी जोरात बोलली. दोन पडाव पाण्यात गेले.

मी जीपमधल्या वायरलेसवर सीओंना कळवलं, "डेल्टा फॉर अल्फा. पडाव सुटले. ओव्हर."

"अल्फा. कितीत झालं? ओव्हर."

"सर, रुमालाखालचं सांगत नसतात. ओव्हर."

 "रॉजर."

१४२५ ला सिलिंडर दत्ताच्या खाटेशी लागला. संध्याकाळी सहा पोती हॉस्पिटलच्या धुण्याच्या गाठोड्यांखालून गावात गेली. गव्हर्नरांनी वर कळवलं की त्यांच्या मुत्सद्देगिरीनं तिढा सुटला. आम्ही पंधरा दिवस पाण्यासारखी खिचडी खाल्ली. मारोती रोज ताट दाखवून विचारायचा, "मॅडम, ह्यात तांदूळ कुठं हाय? रुमाल टाकून शोधू का?"

त्यानंतर अठराव्या दिवशी ०७१० ला तो पाण्याचा टँकर घेऊन झऱ्याकडं गेला. रस्त्यात सुरुंग होता. तो जागीच गेला.

जेट्टीवर गोदीवाले रांगेत उभे होते. त्या दिवशी कुणी बसलं नाही. मारोतीची पेटी त्यांनीच पडावात ठेवली. मामानं विडी विझवून कानामागं खोचली.

त्याच्या सामानाची यादी मी केली. एक घड्याळ, बायकोची पत्रं, एक लाल रुमाल. हेल्मेटखालचा नव्हे, तो गेला. हा त्याचा जोडीचा, धुतलेला.

सुट्टीवर आले तेव्हा तो रुमाल घेऊन भोकरला गेले. बोलायचं काय ते गाडीत पाठ केलं होतं. त्याच्या बायकोसमोर, पार्वताबाईसमोर बसले आणि सगळं विसरले. जेट्टीची गोष्ट तिला पत्रातून माहीत होती. तुमच्या मॅडम जीपवरून पडल्या, हेही त्यानं लिहिलं होतं.

"लई हसले होते मी," ती म्हणाली.

दत्ता आता साठीला आलाय. दरवर्षी आम्ही दोघं भोकरला जातो. पार्वताबाई भाकरी वाढते आणि मला विचारते, पडल्या तेव्हा लागलं का न्हाई.

पण त्या पहिल्या दिवशी तिनं रुमाल उलगडला, माझा हात घेतला आणि वर टाकला. आत तिनं माझा पंजा धरला आणि बराच वेळ सोडला नाही. तिनं काय मागितलं आणि मी काय कबूल केलं, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

रुमालाखालचं सांगत नसतात.