विचारायचं तर मला विचारा

हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या एका लाँड्रीत ती इस्त्रीच्या मोठ्या रुळावर काम करायची. कामाला वाघ, पण बोलायची कमी. म्हणून सगळे तिला 'घुमी' म्हणत. तिला ऑटिझम आहे हे नोकरी लागतानाच तिच्या थोरल्या भावाने सांगून ठेवलं होतं. पुढेही सगळं तोच सांगत आला. तिला काय झेपतं, काय आवडतं, चहात साखर किती लागते. दादाची माया खरी होती. फक्त त्या मायेत तिला तोंड उघडायला जागा नसायची.

एकदा लाँड्रीत नवी घंटा बसवली. रूळ थांबवायची वेळ झाली की ती कर्कश केकाटे. पहिल्याच दिवशी ती वाजली आणि नेमकी तेव्हाच शेजारणीने मागून हिच्या खांद्यावर थाप मारली. ही कान दाबून मटकन खाली बसली. चादर रुळातच करपली.

मॅनेजरबाईंनी दादाला बोलावून घेतलं. ती शेजारच्याच खुर्चीत बसली होती. बाई मात्र दादाकडे बघून बोलत होत्या.

"मशीनवर ठेवणं आता जोखमीचं आहे. पुढे काउंटरवर पॅकिंगला बसवू म्हणते. जमेल ना तिला?"

"जमवून घेईल हो. ती कशाला नाही म्हणत नाही."

"मला विचारा," ती म्हणाली.

दादा दचकला. "अगं, मी बोलतोय ना!"

"तू बोलतोयस. काम मी करते."

ती उठली, खुर्ची भिंतीकडे फिरवली आणि दोघांकडे पाठ करून बसली. "तोंडाकडे बघत बोलायला गेलं की माझे शब्द पळतात. उद्धटपणा नाही हा."

मग ती सावकाश बोलत गेली. मशीनचा आवाज एकसारखा असतो, त्याचा त्रास नाही. त्रास होतो तो अचानक वाजणाऱ्या घंटेचा. मागून कुणी हात लावू नये, समोर येऊन बोलावं. काउंटरवरच्या गजबजाटात ती आजारी पडेल. कानात बोळे घालू दिले तर बरं.

"आणि मला घुमी म्हणू नका. मला नाव आहे."

बाई तिच्या पाठीकडे वळल्या. "बोळे नाही चालायचे. वाफेची नळी फुटली तर ऐकू यायला हवं. घंटेऐवजी दिवा लावता येईल. बाकीच्यांना मी सांगते. पण पुन्हा चादर जळली तर?"

"तर पुन्हा बोलू. माझ्याशी."

लाल दिवा लागला. शेजारीण काही दिवस फुगून होती, "आता हात लावायचीही चोरी!" म्हणत, मग तीही समोरून यायला लागली. 'घुमी' मात्र लोकांच्या तोंडातून जायला बराच काळ लागला. दर वेळी ती तेवढ्याच शांतपणे स्वतःचं नाव सांगायची.

हे बोलणं झालं त्या संध्याकाळी घरी दादाचा चेहरा पडलेला. "मी काय तुझ्या वाईटासाठी बोलत होतो?"

"नाही रे. पण पॅकिंग मला नको होतं, आणि तू हो म्हणालास."



पुढच्या महिन्यात ती डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेली. दादा सवयीने तिच्यामागून उठला. "तू बस," ती म्हणाली आणि एकटी आत गेली. बाहेर त्याचा जीव खालीवर.

"काय म्हणाले?"

"चाळिशी लागली."

"नंबर किती?"

"डोळे माझे आहेत ना?"

दादाला हसू आवरेना. "बरं बाई. फ्रेम निवडायला तरी येऊ का?"

तिने जरा विचार केला. "ये. पण निवडणार मी."