मामाच्या स्क्रीनवरचा ठिपका

आधीच सांगून टाकते – माझ्या दुकानात लिंबू-मिरचीसुद्धा टांगलेली नाही. आमच्या कोकणात भुतांना काही तोटा नाही, दर वळणावर एक... लहानपणापासून ऐकत आले आणि हसत आले. रत्नागिरीत मारुती मंदिराजवळ माझं मोबाईल रिपेअरिंगचं छोटं दुकान आहे. ज्या वस्तूचं झाकण उघडता येतं त्या वस्तूत भूत राहत नाही, असं माझं साधं मत होतं. त्यामुळे पुढे जे लिहितेय ते वाचून माझ्या ओळखीचे लोक मलाच हसतील. हसू देत. मला हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाहीये!

तर गोष्ट माझ्या मामाची. माझा सख्खा मामा राजापूर तालुक्यात नाटे गावी राहतो. स्वतःची छोटी इंजिनची होडी आहे, आयुष्य समुद्रावर गेलं. दिवाळीनंतरची गोष्ट – एक दिवस मामा सकाळच्या एसटीने थेट माझ्या दुकानात हजर. खिशातून फोन काढला, काउंटरवर ठेवला आणि इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "वैशू, ह्या फोनात कायतरी हाय गो."

"काय आहे?"

"फोटो बगू का, बातम्या बगू, मागे आपला किनारा दिसतो. पुसला तरी जात नाय. तुझी मामी तर हात लावायला तयार नाय."

मला हसू आवरेना. ओएलईडी स्क्रीन होती ती. या स्क्रीनमधला प्रत्येक ठिपका, म्हणजे पिक्सेल, स्वतः पेटतो, आणि जो जास्त वेळ पेटतो तो लवकर थकतो, मंद होतो. दिवसभर एकच चित्र लावून ठेवलं की त्या चित्राचा डाग कायमचा पडतो. त्याला बर्न-इन म्हणतात. माझ्याकडे असे फोन नेहमी येतात. मॅप लावून फिरणारे रिक्षावाले, एकच न्यूज चॅनेल लावून झोपणारे आजोबा... आजोबांच्या फोनवर तर चॅनेलची पट्टी उमटलेली असते! बिचारे घाबरतात, फोन हॅक झाला म्हणतात.

मामाचंही तेच. होडीवर तो समुद्राच्या नकाशाचं अ‍ॅप उघडून फोन समोर बांधून ठेवतो. ब्राइटनेस फुल, कारण उन्हात दिसत नाही. नकाशाही त्याने एकाच जागी अडकवून ठेवलेला – जैतापूरच्या खाडीच्या बऱ्याच वरपासून खाली विजयदुर्गापर्यंतचा किनारा. पुढेमागे सरकवायचाच नाही, म्हणजे नजरेला सवय राहते म्हणे. मग उमटणार नाही तर काय!

मी त्याला समजावलं आणि दाखवण्यासाठी स्क्रीनवर नुसता करडा रंग लावला. आम्ही बर्न-इन असंच तपासतो. करड्या रंगावर सगळं स्पष्ट दिसलं. किनाऱ्याची वळणं, खाडीचं तोंड, वर बॅटरीची खूण, खाली बटणं. आणि समुद्राच्या मध्यात, किनाऱ्यापासून बरंच आत... एक गोल ठिपका. भोवती बारीक कडं. अ‍ॅपमध्ये एखादी जागा सेव्ह केली की जशी खूण दिसते, तशी.

"हा काय?" मामाने बोट ठेवलं.

"तू केलेली खूण असेल."

"मी? अगो, थंय आम्ही जातच नाय. खाली नुसता चिखल. जाळा टाकून मिळणार काय?"

मी अ‍ॅप उघडून सेव्ह केलेल्या जागा बघितल्या. सगळ्या किनाऱ्यालगतच्या. तिथली एकही नव्हती. मग आधी कधीतरी करून डिलीट केली असेल, असं म्हणून मी विषय सोडून दिला. करड्या स्क्रीनचा फोटो काढून मुंबईच्या सप्लायरला पाठवला, स्क्रीनचं नवं पॅनल मागवलं. मामाला म्हटलं, पॅनल येईपर्यंत राहा आमच्याकडेच. गुडघा दुखतोय तर डॉक्टरलाही दाखवून घेऊ. मामा राहिला.

दुसऱ्या दिवशी होडी घेऊन त्याचा मुलगा गेला – प्रसाद, माझा मामेभाऊ. पंचविशीतला, माझा लाडका. बरोबर एक खलाशी. संध्याकाळी मामीचा फोन आला. सगळ्या होड्या जेटीला लागल्या होत्या, प्रसादची नव्हती. दुपारी एका होडीवाल्याने त्याला लांबून पाहिलं होतं, बस्स. त्यानंतर फोन लागत नव्हता.

ती रात्र कशी गेली ते सांगत बसत नाही. सरकारी यंत्रणेला कळवलं गेलं, आणि उजाडायच्या आत मी, माझा नवरा आणि मामा गाडीने नाट्याला निघालो. मामाचा फोन मी पर्समध्ये टाकला होता, नंबर सगळे त्यात होते म्हणून. वाटेत आडिवऱ्याच्या पुढे गेल्यावर मामा एकदम म्हणाला, "वैशू, तो करडा रंग लाव बगू."

मी लावला. मामा त्या ठिपक्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "ही जागा काढता येईल तुला? आकडे सांगता येतील?"

खरं सांगते, मला वाटलं मामाचं डोकं ठिकाणावर नाही. पण हातांना काम हवं होतं. आणि ते काम मला येत होतं! मी नकाशाचं अ‍ॅप उघडलं आणि नकाशा लहान-मोठा करत, सरकवत राहिले, जोवर खरा किनारा त्या उमटलेल्या किनाऱ्यावर नेमका बसत नाही तोवर. गाडी खड्ड्यांतून उडत होती, बोट घसरत होतं... आणि एका क्षणी दोन्ही किनारे एक झाले. खाडीचं तोंड खाडीच्या तोंडावर, टोकावर टोक. ठिपक्यावर बोट दाबून धरलं. अक्षांश-रेखांश समोर आले.

जेटीवर गर्दी होती. वारा उत्तरेकडचा, म्हणून बंद पडलेली होडी दक्षिणेला वाहत जाणार, हा सगळ्यांचा हिशोब. शोधायला निघालेल्या होड्या दक्षिणेला गेल्यासुद्धा होत्या. हिशोब चुकीचा नव्हताच. आमचा ठिपका मात्र वायव्येला, खोल पाण्यात.

मामाचा जुना दोस्त बशीरभाई आपली लाँच घेऊन थांबला होता. मामाने त्याला सांगितलं, तिकडे जायचंय.

बशीरभाई म्हणाला, "अरे, वाऱ्याच्या उलट होडी जाईल काय? बिनइंजिनाची?"

"तू चल."

"पोराचा सवाल हाय रे. तिकडे गेलो नि तो खाली दक्षिणेला असला तर?"

मामा म्हणाला, "खाली बाकी सगळे गेलेत ना? मग एकाने वर जाऊया. बशीर, मी तुला कधी काय मागितला?"

बशीरभाईने एकदा मामाकडे पाहिलं, एकदा माझ्या हातातल्या फोनकडे. मग दोर सोडला. मामा मला म्हणाला, "तू पण चढ. फोन तुला कळतो."

मी! जिला भाट्याच्या पुलावरून खाली बघितलं तरी गरगरतं! पण चढले. मामी जेटीवर उभी होती, पदर तोंडाशी धरून. तिच्याकडे बघायची हिंमत झाली नाही.

किनारा दिसेनासा झाला. नेटवर्क गेलं, पण नकाशा फोनमध्ये डाउनलोड केलेला होता आणि जीपीएसला नेटवर्क लागत नाही, त्यामुळे आमची जागा दिसत होती. मी लाइफ जॅकेट घालून, एका हाताने खांब धरून, दुसऱ्या हातात फोन धरून ओरडत होते – डावीकडे! अजून थोडं! दोनदा ओकले. तिसऱ्यांदा ओकायलाही काही उरलं नव्हतं. समोर फक्त पाणी. आमची निळी खूण त्या जागेच्या जवळ सरकत होती, आणि समोर काही नाही, काहीच नाही... मला रडू येऊ लागलं. आपण एका बापाला भलत्या दिशेला घेऊन आलोय, असं वाटायला लागलं.

आणि बशीरभाई ओरडला, "होडी!"

मला आधी दिसलीच नाही. मग एक काळी रेघ, मग रेघेवर कोणीतरी उभं, मग हवेत फिरणारा लाल शर्ट. मामा पुढच्या टोकाला गेला आणि दोन्ही हात तोंडाशी धरून त्याने हाक मारली – "परसाऽऽद!" तिकडून आवाज आला. मी तिथेच फतकल मारून बसले आणि मोठमोठ्याने हसायला लागले. रडत होते की हसत होते, देव जाणे!

दोघेही धडधाकट होते. तहानलेले, उन्हाने भाजलेले, पण धडधाकट. पाणी पिऊन झाल्यावर प्रसादने सांगितलं ते असं – दुपारी इंजिन बसलं. नांगर टाकला, पण तो धरेना, चिखलात नुसता ओढत गेला. आधी दक्षिणेलाच वाहत होते. मग अंधारात होडी कशी फिरली, कुठल्या ओढीने वर आली, त्यांना कळलं नाही. आणि पहाटेच्या सुमारास नांगराने एकदम गच्च काहीतरी धरलं. झटका बसण्याइतकं. तेव्हापासून होडी त्याच जागी उभी.

"काय लागला खाली?" मामाने विचारलं. "हितं तर चिखल."

"काय म्हायत नाय बाबा."

बशीरभाईने आणि त्यांनी मिळून नांगर ओढला. हलकासा वर आला. रिकामा. थोडा चिखल लागलेला, एवढंच.

होडीला दोर बांधून आम्ही जेटीला परतलो तेव्हा अर्धं गाव उभं होतं. मामीने प्रसादला आधी दोन धपाटे घातले, मग मिठी मारली. त्या सगळ्या गोंधळात मी बशीरभाईला तो ठिपका दाखवावा म्हणून फोनवर करडा रंग लावला.

किनारा होता. खाडीचं तोंड, बॅटरीची खूण, बटणं, सगळं होतं. ठिपका नव्हता.

मी फोन तिरका केला, सावलीत नेला, ब्राइटनेस कमी-जास्त केला. नव्हता म्हणजे नव्हता. आता ज्यांना या स्क्रीनचं थोडंफार कळतं त्यांना मी काय म्हणतेय ते समजेल. थकलेला पिक्सेल पुन्हा ताजा होत नाही! आणि त्या खुणेखालचे तेवढेच व्हावेत, बाकीचे जसेच्या तसे? सप्लायरला पाठवलेला फोटो मात्र माझ्याकडे आहे. त्यात तो स्पष्ट दिसतो.

माझं सगळ्यांना विचारून झालंय. सप्लायर म्हणाला, मॅडम, तात्पुरता डाग असेल, कधीकधी निघून जातो. जातो, मान्य. पण तात्पुरता डाग पडायलासुद्धा तिथे आधी काहीतरी दिसलेलं असावं लागतं ना? मामा तर ठामपणे सांगतो, तिथे त्याने कधीच खूण केली नाही. पुण्यातला माझा इंजिनियर मित्र म्हणाला, योगायोग. समजा, ठिपका योगायोग. मग नांगराने काय धरलं? आणि मुख्य म्हणजे, मी तो फोटो काढला तेव्हा प्रसाद घरात जेवत होता. होडी धक्क्याला होती. इंजिन ठणठणीत होतं!

भूत म्हणायला माझी अजूनही जीभ वळत नाही, आणि दुसरं काय म्हणायचं ते सुचत नाही. परवा मामी दुकानात आली होती, प्रसादच्या लग्नाच्या खरेदीसाठी. मी पुन्हा तोच विषय काढला, फोटो दाखवायला लागले. तिने माझ्या हातातून फोन घेऊन काउंटरवर पालथा ठेवला.

"पुरे झाला आता," ती म्हणाली. "चल, साड्या बगूया."