शुक्रवारचा रकाना

फूटपट्टी हे नाव त्याला शाळेत पडलं, आणि ज्याने पाडलं त्याला माणसं ओळखता येत होती असंच म्हणायला हवं. वार्षिक परीक्षेत बाकीची पोरं पहिल्या प्रश्नाशी झुंजत होती, तेव्हा हा गडी उत्तरपत्रिकेच्या पानापानाला समास आखत बसला होता. तोही दुहेरी, बाहेरची रेघ लाल आणि आतली निळी. शेवटची घंटा झाली तेव्हा त्याची उत्तरपत्रिका वर्गात सगळ्यांत देखणी होती आणि तिच्यात लिहिलेलं जवळजवळ काही नव्हतं. घरी येऊन त्याने सांगितलं की वेळ कमी दिला. पुढे नोकरी लागली, लग्न झालं, कपाळ मागे सरकत टाळूपर्यंत गेलं, पण समास काही सुटला नाही.

नोकरी नगरपालिकेत, दुसऱ्या मजल्यावर, पाणीपुरवठ्याच्या भांडारात. तोट्या, वायसर, पाइपांचे सांधे हे सगळं त्याच्या ताब्यात. प्रत्येक खणावर सुबक अक्षरात चिठ्ठी, चिठ्ठीला चौकट, चौकटीच्या कोपऱ्यात थेंबाचं चित्र. एकदा कुठल्याशा गल्लीत नळ फुटून पाणी रस्त्यावर वाहत होतं आणि प्लंबर धावत सांधा मागायला आला, तर ह्याने त्याला दारातच अडवलं. "जरा थांबा, चिठ्ठ्या ओल्या आहेत." प्लंबर लोक अजून ही गोष्ट एकमेकांना सांगतात आणि सांगताना काही भर घालावी लागत नाही.

त्याची बायको ह्याच नीटनेटकेपणावर भाळली होती. हे ती आता कुणाला सांगत नाही. लग्नानंतर पहिली काही वर्षं तिला कौतुक होतं, मग राग यायला लागला, आणि मग रागही थकला. राहिली ती तुच्छता. तुच्छतेचं एक बरं असतं, तिला भांडावं लागत नाही. बाल्कनीत फुलझाडांची बाग करायची म्हणून त्याने कुंड्या आणल्या, कुठे कुठलं रोप ह्याचा नकाशा काढला, रोपांच्या नावाच्या पाट्या रंगवून मातीत खोचल्या, आणि तिथेच बाग संपली. शेजारीण विचारायची, "काय लावलंय हो?" ती सांगायची, "पाट्या."

ती स्वतः शिवणकाम करायची. नवे कपडे नाही. कुणाच्या पँटची उंची कमी कर, कुणाची चेन बदल, बारीक झालेल्याचा कोट आत घे, जाड झालेल्याचा बाहेर काढ. मशीन झोपायच्या खोलीत, दारामागे. गिऱ्हाईक यायचं ते पलंगाच्या कडेला अवघडून बसायचं आणि कपडा घालून बघायला न्हाणीघरात जायचं. कित्येकजण न्हाणीघरात बादली आणि ओली चड्डी बघून परत यायचे ते पुन्हा न येण्यासाठीच. हात चांगला होता, जागा नव्हती. बस थांब्याजवळ नगरपालिकेने नवा बाजार बांधला आणि त्यात एक गाळा शिलाईकामासाठी राखून ठेवला हे कळलं, तेव्हा ती आधी एकटीच जाऊन तो गाळा बघून आली. कोपऱ्यातला होता, दोन्ही बाजूंनी उजेड येत होता. आत पडदा लावून कपडे बदलायला आडोसा करता आला असता. शटरला हात लावून ती थोडा वेळ तिथे उभी राहिली आणि घरी येऊन कुणाला काही बोलली नाही.

अर्जाची सगळी धावपळ तिनेच केली. दाखले जमवले, सह्यांसाठी रांगेत उभी राहिली, साहेब जेवायला गेले की साहेब येईपर्यंत बाकावर बसली. खिडकीतल्या बाईंनी तिला हळूच सांगितलंही, "शिलाईच्या गाळ्याला अजून कुणी विचारलेलं नाही. अर्ज वेळेत द्या, गाळा तुमचाच समजा. नाही आला तर मात्र तो प्रतीक्षा यादीतल्या कुणाला तरी जाईल." आता एवढंच राहिलं होतं, भरलेला अर्ज त्या खिडकीत सरकवायचा.

नेमका त्याच सुमारास फूटपट्टीचा वाढदिवस आला आणि त्याच्या बहिणीने त्याला रिंगांचा प्लॅनर दिला. नणंदेचं भावावर फार प्रेम. "आमच्या दादासारखा व्यवस्थित माणूस शोधून सापडायचा नाही," हे तिचं ठरलेलं वाक्य. तिला दादाबरोबर संसार करावा लागला नव्हता. प्लॅनर होता खरा झकास. मऊ रेक्झिनचं तपकिरी वेष्टण, आत खटकन उघडणाऱ्या पितळी रिंगा, आणि कोऱ्या पानांचा गठ्ठा. वार आपणच टाकायचे, तारखाही आपणच. "तीच तर गंमत आहे," नणंद म्हणाली, "ज्याचा त्याने सजवायचा."

झालं. आगीत तेल पडलं. दुसऱ्या दिवसापासून जेवणाचं टेबल गेलं. तिथे कात्र्या आल्या, रंगीत चिकटपट्ट्यांच्या गुंडाळ्या आल्या, वारांचे स्टिकर आले, भोकं पाडायचं यंत्र आलं, ते बरोबर नाही म्हणून दुसरं आलं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. नवराबायको ताटं मांडीवर घेऊन जेवायला लागले आणि जेवता जेवता तो तिला सांगायचा की जाड कागदाला कुठली शाई फुटते आणि कुठली फुटत नाही. ती "हं" म्हणायची. त्या "हं"मध्ये काय काय होतं हे समजण्याइतका तो कधी शहाणा नव्हता.

मग त्याने विभाग पाडले. आरोग्य, घर, वाचन, प्रवास, विचार. प्रत्येकाला वेगळा रंग, बाहेर डोकावणारी वेगळी पट्टी. विचार ह्या विभागात त्याने सगळ्यांत जास्त कोरी पानं घातली, आणि ती कोरीच राहणार ह्याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती. आरोग्याच्या पानावर रोजचे चौकोन आखले होते, पाणी पिणे, ताठ बसणे, खोल श्वास घेणे. पाणी प्यायलाही ज्याला चौकोन लागतो अशा माणसाची कीव करावी की त्याला हसावं, हे तिने कधीच ठरवून टाकलं होतं. ती हसायची. मशीनवर बसून, पाठ करून, आवाज न करता.

आणि मग एका संध्याकाळी तो दारात येऊन उभा राहिला. "अगं, तुझ्याकडे कापडाचे तुकडे असतील ना? छोटेच हवेत."

तिने न बघता चिंध्यांची पिशवी पुढे सरकवली. त्याने त्यातून निळ्या रंगाचा एक तुकडा निवडला, पुठ्ठ्यावर ताणून डकवला, कडा आत दुमडल्या, आणि त्यावर पांढऱ्या शाईने एकच शब्द लिहून तिला आणून दाखवला. दुकान.

हा शब्द त्या घरात तोवर कुणी मोठ्याने उच्चारला नव्हता. ती स्वतः "ते गाळ्याचं" म्हणायची. तिने पुठ्ठा हातात घेतला. कडा इतक्या सरळ दुमडल्या होत्या की तिलाही ह्यापेक्षा सरळ जमल्या नसत्या. तिला स्वतःचाच थोडा राग आला, पण बरंही वाटलं. इतकी वर्षं आपण ह्या माणसाला हसतो, आणि ह्याने आपल्यासाठी एक विभाग ठेवला.

"अर्ज मीच देतो ना," तो म्हणाला. "खिडकी तळमजल्यावर. जाता-येता तिच्यावरूनच जातो मी."

हे खरंच होतं. आणि तिच्यापुढे शाळेच्या गणवेशांचा ढीग पडला होता, आठवडाअखेर द्यायचा होता. तिने अर्ज त्याला दिला. त्याने तो जपून घेतला आणि दुसऱ्या क्षणी त्याला शेजारी शेजारी भोकं पाडून रिंगांत अडकवला.

"शुक्रवार शेवटचा दिवस आहे," ती म्हणाली.

"वार तोंडी चुकतो. तारीख कागदावर असते," तो म्हणाला आणि अर्जावरची तारीख बघून त्याने ती आठवड्याच्या पानावर नोंदली. अक्षर मोत्याच्या दाण्यासारखं. शेजारी छोटी शिलाई मशीनही काढली.

एरवी तिने रोज सकाळी आठवण केली असती. ह्या खेपेला तिने मुद्दाम केली नाही. विश्वास ठेवायचा तर पुरता ठेवावा, असं काहीतरी तिच्या मनात आलं. ती गणवेशाच्या दुमडी घालत बसली आणि मधूनच गाळ्यात पडदा कुठल्या रंगाचा लावावा ह्याचा विचार करत राहिली. नणंदेचा फोन आला तेव्हा, "तुमच्या दादांनी फार छान केलंय हो," असंही बोलून गेली. नणंद इतकी चकित झाली की तिने ते पुन्हा एकदा म्हणायला लावलं.

शुक्रवारी संध्याकाळी तो खुशीत घरी आला. बूट काढता काढताच सांगायला लागला की प्लॅनर आज अख्ख्या कचेरीत फिरला. हिशेब खात्यातल्यांनी बघितला, आवक-जावकवाल्याने रिंगा उघडून मिटून बघितल्या. "आणि खिडकीतल्या बाई आहेत ना, त्यांनाही दाखवला. तुझ्या विभागावर हात फिरवला त्यांनी. म्हणाल्या, कापड काय सुरेख लावलंय."

"आणि अर्ज घेतला त्यांनी?"

"अर्ज उद्या आहे."

तिची सुई थांबली. "अहो, उद्या शनिवार. कचेरी बंद."

"तेच मलाही वाटलं. तू शुक्रवार म्हणाली होतीस खरं, पण मी बघितलं तर तारीख शनिवारी येते. म्हटलं, हिची काहीतरी गडबड झाली असेल. बाजाराच्या कामासाठी खिडकी उघडी ठेवणार असतील." त्याने प्लॅनर उघडून तिच्यापुढे धरला. "हे बघ."

तिने बघितलं. मग उठून स्वयंपाकघरात गेली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं, जे औषधाच्या दुकानाने फुकट दिलं होतं आणि ज्याच्यावर दुधाचे खाडे लिहिलेले होते. बाहेर आली. प्लॅनरमध्ये तारखा रविवारपासून लिहिल्या होत्या. वारांचे स्टिकर मात्र सोमवारपासून चिकटवले होते, कारण स्टिकरच्या कागदावर सोमवार पहिला होता. अख्खा आठवडा एका घराने सरकला होता. पाच दिवस ते त्याच्या लक्षात आलं नव्हतं, कारण पाच दिवस त्या पानांत पाणी पिणे आणि ताठ बसणे ह्याखेरीज काही नव्हतंच.

तिने बोट ठेवून दाखवलं. तो बघत राहिला. त्याचा चेहरा पडला, अगदी मनापासून पडला, आणि तिला वाटलं की आता हा काहीतरी बोलेल.

"अरे देवा," तो म्हणाला. "म्हणजे सगळीच पानं चुकली."

शनिवार-रविवार तो टेबलावर वाकून ब्लेडने स्टिकर सोडवत बसला होता. बैल गेला आणि झोपा केला म्हणावं, तर ह्याला बैल गेल्याचा पत्ताच नव्हता. झोपा वाकडा झाला ह्याचंच दुःख. मध्ये एकदा कागद फाटला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ती मशीनवरून ते बघत होती.

सोमवारी ती स्वतः खिडकीशी गेली. भोकं पाडलेला अर्ज घेऊन. बाई ओशाळल्या. "अहो, शुक्रवारी तुमच्या मिस्टरांनी मला ती वही दाखवली की. अर्ज दिसला मला त्यात. मला वाटलं ही तुमची प्रत असेल. एवढी व्यवस्थित लावलेली, म्हटलं खरा अर्ज केव्हाच दिला असणार." यादी सकाळीच लागली होती. गाळा एका कुलूपकिल्लीवाल्याला गेला होता. बाई म्हणाल्या, पुढे कधी रिकामा झाला तर कळवीन, आणि दोघींनाही माहीत होतं की असे कोपऱ्यातले गाळे रिकामे होत नसतात.

ती घरी चालत आली. नवऱ्याचा राग तिला फारसा नव्हता. तो जसा होता तसाच वागला होता. समास आखत बसणाऱ्याच्या हाती तिने स्वतः उत्तरपत्रिका दिली होती. इतकी वर्षं ती त्याला ओळखून होती, आणि एका निळ्या चिंधीपायी तिने ती सगळी ओळख गुंडाळून ठेवली. तुच्छतेने तिचं कधी काही बिघडवलं नव्हतं. बिघडवलं ते विश्वासाने. हे तिला स्पष्ट दिसलं आणि फार लागलं.

संध्याकाळी तो कचेरीतून आला, प्लॅनर घेऊन तिच्याजवळ बसला. ती कुणाच्या तरी पँटची उंची कमी करत होती. पँटवाला न्हाणीघरातून नुकताच तोंड वाकडं करून गेला होता.

"जमलं बघ सगळं," तो म्हणाला. "गेला आठवडासुद्धा नवीन पानावर उतरवला. आता वार आणि तारखा बरोबर बसल्या."

तिने पान बघितलं. शुक्रवार शुक्रवारी होता. त्याच्या रकान्यात ती छोटी शिलाई मशीन पुन्हा काढलेली, आधीपेक्षाही नेटकी. शेजारी लिहिलेलं, अर्ज देणे. आणि त्यापुढच्या चौकोनात हिरव्या शाईने बरोबरची खूण.

"ही खूण कसली?" तिने विचारलं.

"अगं, मधे एकच चौकोन रिकामा राहिला तर पान वाईट दिसतं."

तिने पान नीट बघून घेतलं.

"छान दिसतंय," ती म्हणाली.

तो खूश झाला.