पाचवा स्पीकर

लग्न ठरवायला आमच्या घरी आले तेव्हा माझे सासरे एक शब्दही बोलले नाहीत. चहा घेणार का म्हणून विचारलं, तर त्यांनी दोन बोटं वर केली. आईने बिचारीने त्यांच्यापुढे दोन कप आणून ठेवले. ते दोन्ही कप निमूटपणे प्यायले. पाहुणे गेल्यावर आई माझ्या कानाशी लागली, "अगं, मुलगा चांगला आहे, पण वडील मुके आहेत हे आधी सांगायला नको का कुणी?"

मुके कसले! लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी निघाले होते. बसस्थानकात बॅगा सांभाळत उभी होते आणि डोक्यावरच्या भोंग्यातून आवाज आला, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. फलाट क्रमांक तीनवर लागलेली गाडी थोड्याच वेळात सुटेल." भरदार, सावकाश, एकही अक्षर न सांडणारा. घोषणा कसली, कुणी आपल्याला हाताला धरून गाडीत बसवतंय असं वाटावं. मी नवऱ्याला म्हटलं, "काय आवाज आहे रे या माणसाचा!" तो बॅग उचलत म्हणाला, "बाबा आहेत." माझी गाडी चुकता चुकता राहिली.

म्हणजे गौडबंगाल असं होतं. माझे सासरे स्थानकाचे निवेदक. दिवसभर बोलायचे आणि घरी आले की उद्यासाठी गळा जपायचे. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, मग खुर्ची, मग बोटं. एक बोट म्हणजे पाणी, दोन म्हणजे चहा, मूठ म्हणजे नको. त्यात काही चुकतंय असं त्यांना वाटायचंच नाही. स्थानकातले लोक त्यांना 'आवाज' म्हणायचे. सासूबाई म्हणायच्या, "सगळ्या दुनियेला गाड्या सांगून येतात आणि माझ्या वाट्याला गुळण्या."

म्हणायच्या हसून, पण ते हसणं काही खरं नव्हतं. एकदा मी कामावरून परतताना स्थानकातून आडवी निघाले, तर बाकावर सासूबाई. मांडीवर भाजीची पिशवी. बाजार स्थानकाच्या मागेच होता. मी विचारलं, "आई, कुठे निघालात?" त्या दचकल्या. "कुठे नाही गं. पाय दुखत होते म्हणून जरा टेकले." तेवढ्यात भोंगा बोलायला लागला आणि त्यांनी मला हातानेच गप्प केलं. घोषणा संपेपर्यंत त्या वर बघत होत्या. मला गलबलून आलं, आणि सासऱ्यांचा असा राग आला म्हणता! पण रागवायचं कुणावर? घरी गेले तर ते खुर्चीत बसून दोन बोटं दाखवत होते.

मग ते निवृत्त झाले. त्यांच्या जागी यंत्रातली एक बाई बोलायला लागली. आता गळा जपायचं काही कारण उरलं नव्हतं. सासूबाईंनी मनातल्या मनात केवढे बेत केले असतील! पण खुर्ची तीच आणि बोटंही तीच. "बोला की काहीतरी," असं म्हटलं की ते तोंड उघडायचे, इकडेतिकडे बघायचे आणि मिटायचे. हातात माइक नसला की या माणसाला शब्दच फुटत नव्हते.

निरोपाच्या वेळी सहकाऱ्यांनी त्यांना गाणी ऐकायला एक अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन स्पीकर दिले होते. शोधून शोधून माइकची खाच असलेला घेतला होता. माणसं जाणकार! काही दिवस तो कपाटावर धूळ खात पडला. एका सकाळी मी आंघोळीला गेले होते आणि बाहेरून आवाज घुमला, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. गरम पाणी संपत आले आहे. होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत." मी साबणासकट हसत सुटले.

त्या दिवसापासून सासऱ्यांनी घर डोक्यावर घेतलं. दूध आलं, घोषणा. नवऱ्याची किल्ली सापडत नाही, घोषणा. माझी मैत्रीण जिन्यात दिसली की तिचं 'आगमन' व्हायचं. पण बैठकीतले दोन स्पीकर काही त्यांना पुरेनात. जुन्या बाजारातून त्यांनी आणखी तीन आणले. एक स्वयंपाकघरात, एक गॅलरीत, एक न्हाणीघराच्या दारावर. स्टुलावर चढून स्वतः वायरी ओढल्या. नवरा म्हणाला, "बाबा, एवढे एका यंत्राला चालतात का?" त्यावर बाबांनी माइकवरून उत्तर दिलं की स्थानकात नवा फलाट झाला की नवा भोंगा यायचा, वायरमन तो त्याच दोन तारांवर अडकवायचा आणि काम संपायचं. पोरांनी मोठ्यांना शिकवू नये.

सासूबाईंनी आपला निषेध मिक्सरवर नोंदवला. घोषणा सुरू झाली की त्यांचं वाटण निघायचं. घर्रर्र! "काय कटकट आहे," म्हणायच्या. पण स्वयंपाकघरातल्या त्या स्पीकरवरची धूळ रोज पुसलेली असायची, आणि मिक्सरचं बटण कधी 'प्रवाशांनी' संपायच्या आत दाबलं जात नसे. सुनेने काही गोष्टी बघायच्या असतात, बोलायच्या नसतात.

पुढे अ‍ॅम्प्लिफायर रुसायला लागला. आवाज जरा चढवला की टक् करून बंद आणि समोर लाल दिवा. तेही नेमकं मोक्याच्या जागी. "आज भाजीत मीठ..." टक्! सासूबाई स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "मीठ काय? कमी की जास्त? पूर्ण बोला!" यंत्राच्या पाठीवर हात ठेववत नसे इतकं ते तापायचं. सासऱ्यांनी उपाय काढला. टेबल फॅन त्याच्याकडे वळवला आणि आम्हाला घामात सोडून दिलं. एका दुपारी पाहुणे बसले असताना जळकट वास आला, झाकणाच्या फटीतून धुराची बारीक रेघ निघाली आणि 'आवाज' बंद पडला.

पाहुणे गेल्यावर सासरे खुर्चीत बसले. सासूबाईंनी चहा घेणार का विचारलं. त्यांनी दोन बोटं वर केली.

सासूबाई स्वयंपाकघरात आल्या, ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "परत बोटं सुरू झाली गं." मिक्सर बंद होता, स्पीकर बंद होता. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्यांनी ते लपवलंही नाही. "हे यंत्र नीट झालं नाही ना, तर हा माणूस आता बोलायचा नाही. मी ओळखते त्यांना."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी भाजीच्या पिशवीत अ‍ॅम्प्लिफायर आणि माइक घालून दुरुस्तीच्या दुकानात गेलो. दुकानदार भलताच बोलका. झाकण उघडून त्याने आत नाक खुपसलं आणि विचारलं, "मावशी, याला काय काय जोडलं होतं?" सासूबाईंनी पाच बोटांवर पाच जागा मोजून दाखवल्या. न्हाणीघराशी आल्यावर तो इतका हसला की त्याचा चष्मा यंत्रात पडला. म्हणाला, "याची एक बाजू कायमची गेली. दुसरी वाचवतो. पण जोडणी मी स्वतः येऊन बघणार, नाहीतर पुन्हा जाळाल."

दुरुस्त केलेलं यंत्र त्याच पिशवीतून घेऊन तो घरी आला तेव्हा सासरे खुर्चीत मूठ मिटून बसले होते. त्याने तारा बघितल्या आणि डोक्याला हात लावला. "हे असं कुणी शिकवलं? गाढवपणा आहे हा! भोंगे लावल्यासारखे लावलेत."

झालं! सासरे ताडकन उठले. "भोंग्यांबद्दल बोलायचं काम नाही! आमच्या स्थानकात याच्या दसपट भोंगे दोन तारांवर होते. पावसात, धुळीत, वर्षानुवर्षं. कधी धूर आला नाही!"

घरभर आवाज घुमला. सासूबाई माझ्याकडे बघायला लागल्या, मी त्यांच्याकडे. माइक तर पिशवीतच होता.

दुकानदार सुतासारखा सरळ झाला. "बरोबर आहे बाबा तुमचं. तिथे चालतं. तिथल्या प्रत्येक भोंग्याला स्वतःचा छोटा ट्रान्सफॉर्मर असतो. तो आपल्यापुरतं थोडंसंच ओढतो. ते यंत्रही तशाच जोडणीसाठी बनवलेलं असतं. हे घरचं. गच्चीवरच्या टाकीसारखं समजा. हे स्पीकर आठ ओहमचे, म्हणजे एकेक नळ ठराविक अडवून धरतो. तुम्ही पाच नळ शेजारी शेजारी उघडलेत. अडवायला उरलं दीड ओहमच्या आसपास, आणि याला कमीत कमी चार लागतात. मागे लिहिलंय बघा. मग ते ताकदीबाहेर पुरवत बसलं आणि जळलं."

सासऱ्यांनी चष्मा लावून मागचं बारीक अक्षर वाचलं. मोठ्याने वाचलं, घोषणेसारखं. मग खुर्चीत बसून म्हणाले, "मग आता?"

"आता दोन-दोन एकामागे एक लावू. आठ आणि आठ, सोळा. अशा दोन जोड्या शेजारी ठेवल्या की पुन्हा आठ. यंत्राला वाटेल, एकच स्पीकर आहे. थंड राहील. पण चारच हं बाबा. पाचवा घुसवला तर कुठे ओरडेल, कुठे कुजबुजेल. एक काढावा लागेल. कुठला काढू?"

"न्हाणीघरातला," नवरा आणि मी एकदमच म्हणालो.

"काढा तोच," सासूबाई म्हणाल्या.

सासऱ्यांनी पाची तारा एकेक करून चाचपल्या. मग म्हणाले, "स्वयंपाकघरातला."

सासूबाईंचा चेहरा असा उतरला की मला त्या माणसाला गदागदा हलवावंसं वाटलं. इतकी वर्षं बाकावर बसून ऐकलं बाईने, आता कुठे ओट्यापाशी आवाज आला होता, तर नेमका तोच काढायचा? सासूबाई एवढंच म्हणाल्या, "बरं झालं. कटकट गेली." आणि आत निघून गेल्या. लगेच मिक्सर सुरू झाला. त्यात काही नव्हतं, रिकामाच फिरत होता. आवाजावरून कळत होतं.

दुकानदार स्क्रू काढायला आत गेला, त्याच्यामागे सासरे गेले आणि मी त्यांच्यामागे, भांडायच्या तयारीने. "बाबा, न्हाणीघरातला ठेवलात आणि आईंचा काढलात?"

ते दारातच थांबले. मिक्सरच्या वर आवाज चढवून, हात मोकळे ठेवून म्हणाले, "न्हाणीघरात मला येता येत नाही. गॅलरीत उभं राहून गुडघे दुखतात. इथे मी स्वतः येऊन सांगेन."

सासूबाईंची पाठ आमच्याकडे होती. त्या वळल्या नाहीत. त्यांनी फक्त मिक्सरचं बटण बंद केलं आणि पायानेच ओट्याखालचं स्टूल त्यांच्याकडे सरकवलं.